दाढीच्या साबणाचा फॉर्म्युला बदललाय का? डबी फेकायच्या आधी हे करून बघा

नाव तेच, डबी तीच, रंगही तोच, आणि ब्रश फिरवायला घेतला तर फेसच धरत नाही, किंवा धरतो पण एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावर वाळून पापडी होते. ब्रश आणि वडीने दाढी करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच आणि तोंडून निघतं ते ठरलेलं असतं, कंपनीने वाट लावली साबणाची. असेलही लावली. पण मी दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका साबणाला तीन आठवडे शिव्या घातल्या, वैतागून दुसरी डबी मागवली, तीही तशीच निघाली, आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये कळलं की कॉर्पोरेशनचं पाणी पुरत नाही म्हणून टाकीत बोअरचं पाणी सोडायला लागलेत. साबण बिचारा होता तसाच होता.

म्हणून पहिलं काम पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम असतं, ते साबणाला चिकटलं की न विरघळणारा साका होतो, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तोच. जेवढा साबण त्या साक्यात गेला तेवढा फेसातून वजा. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक म्हणतं की कठीणपणा (म्हणजे हेच कॅल्शियम मॅग्नेशियम) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या. म्हणजे पिण्यालायक पाण्यातच तिपटीचा फरक, आणि वरून सगळं पाणी दिसतं सारखंच.

टेस्ट सोपी आहे. एक वाटी नळाचं पाणी, एक वाटी आरओचं (किंवा केमिस्टकडे, पेट्रोल पंपावर डिस्टिल्ड वॉटर मिळतं, बॅटरीत घालतात ते, सीलबंद बाटली घ्या). ब्रश आधी नीट धुऊन त्याच त्या पाण्यात भिजवा, नाहीतर जुना साका ब्रशमध्येच बसलेला असतो आणि टेस्टचा बोऱ्या वाजतो. आरओच्या पाण्यात साबण पूर्वीसारखा फेसाळला तर विषय संपला, दाढीपुरतं वाटीभर पाणी बाजूला काढत जा. पाणी उकळून घेतलं तर थोडा फरक पडतो, सगळा नाही, कारण उकळून फक्त कार्बोनेटवाला कठीणपणा जातो. कुणी कुणी सायट्रिक ॲसिडची चिमूट टाकतात, त्याच्या नादी लागू नका, जरा जास्त पडलं की साबणच फुटतो आणि वर चोथा तरंगतो.

पाणी निर्दोष सुटलं की मग लेबल. इथे एक सवय लावून घ्या, कुठलाही साबण आणला की त्याच दिवशी मागच्या यादीचा फोटो काढून ठेवा, कारण बदल झाल्यावर जुना खोका कुणाकडेच नसतो आणि मग नुसता आठवणींचा कारभार. यादीत जे जास्त ते आधी असतं, एक टक्क्याच्या खालची मंडळी शेवटी कशीही येतात. म्हणजे बघायची ती पहिली पाच-सहा नावं. टॅलो, सोडियम टॅलोएट, पोटॅशियम टॅलोएट, कधीकधी अडेप्स बोव्हिस, ही सगळी जनावराची चरबी. पामेट म्हणजे पाम तेल, कोकोएट म्हणजे खोबरेल, स्टिअरेट म्हणजे स्टिअरिक ॲसिड (हे चरबीतूनही निघतं आणि पाममधूनही, नुसत्या नावावरून कळत नाही, शाकाहारी लोकांनी हिरवा ठिपका शोधावा किंवा कंपनीला सरळ विचारावं). सोडियमवाला साबण घट्ट आणि सावकाश झिजणारा, पोटॅशियमवाला मऊ, पटकन विरघळणारा, चांगल्या दाढीच्या साबणात बहुतेक वेळा दोन्ही असतात.

आता चरबी काढून पाम घातल्यावर नक्की काय बिघडतं? दाढीच्या फेसाला घट्टपणा देतं ते मुख्यतः स्टिअरिक. गुरांच्या चरबीत ते साधारण पाचवा हिस्सा असतं, पाम तेलात जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. नुसती अदलाबदल केली तर फेस येतो पण उभा राहत नाही, सायीऐवजी ताकावरचा फेस. शहाणा साबणवाला वरून वेगळं स्टिअरिक घालतो आणि मग फरक फार जाणवतही नाही, कधीकधी नवीनच बरा निघतो (हे बोललं की जुने लोक माझ्यावर चिडतात, चिडू देत). खर्च वाचवणारा खोबरेल वाढवतो, त्याने फेस भसकन येतो, मोठे मोठे बुडबुडे, दुकानात हातावर करून दाखवायला झकास, पण लगेच बसतो आणि कातडी ओढल्यासारखी होते. तेव्हा चरबी गेली हे वाचून लगेच गळा काढू नका, तिच्या जागी काय आलं आणि स्टिअरिक कितव्या नंबरवर आहे ते बघा.

हा बदल सगळ्यात गाजला तो इंग्लंडमध्ये. तिथे गुरांना मॅड काऊ हा मेंदूचा रोग झाल्यावर १९९६ मध्ये युरोपने ब्रिटिश बीफच्या निर्यातीवर बंदी घातली, त्या बंदीत चरबीही होती, पुढे नियम कडक झाले, व्हीगन गिऱ्हाईक वाढलं, आणि २००० नंतर लंडनच्या जुन्या नावाजलेल्या दुकानांचे साबण एकामागून एक पामवर गेले. जर्मनीचा टबॅक, १९५९ पासूनचा ब्रँड, त्याचा दाढीचा साबण म्हणजे चरबीवाल्यांचा लाडका, तोही आता वनस्पती तेलांवर गेलाय.

आपल्याकडे उलटी गंमत आहे. आर्देशिर गोदरेज यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी चरबीशिवायचा चावी साबण काढला, स्वदेशीच्या दिवसांत ही मोठी गोष्ट होती. पुढे १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण पेटलं आणि सरकारने चरबीची आयातच बंद केली. त्यामुळे तिकडचे लोक ज्या बदलासाठी आज रडतात तो आपल्या बाजारात कधीच पचून गेलाय, आपल्या वडिलांच्या पिढीने बऱ्यापैकी तेलाच्याच साबणाने दाढ्या केल्या आणि कुणाचं काही अडलं नाही.

वास बदललाय अशी तक्रार असेल तर ते प्रकरण वेगळं. जुन्या न्हाव्याच्या दुकानासारखा जो वास आपण म्हणतो त्यात ओकमॉस असायचं, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा युरोपियन चुलतभाऊ. त्यातले ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल हे दोन घटक ॲलर्जी करतात म्हणून युरोपात बंद झाले, सोबत लायरल नावाचा वासाचा पदार्थही, ऑगस्ट २०२१ पासून दुकानात ठेवायलाच मनाई. मग १ मार्च २०२२ पासून लिलियल हा वासाचा आणखी एक पदार्थ बंद. बऱ्याच साबणांचा वास यामुळे हलला, पण फेसाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, तेव्हा वास वेगळा आला म्हणून फेसही पातळ वाटायला लागला असं मनाचं होऊ देऊ नका. आणि अजून एक फसवणूक म्हणजे लांबलेली यादी. युरोपात आधी वासातल्या २६ ॲलर्जी करणाऱ्या घटकांची नावं छापावी लागायची, २०२३ च्या नियमाने ती ८० च्या वर गेली, नवीन मालाला मुदत जुलै २०२६ ची. म्हणजे उद्या तुमच्या साबणाच्या मागे दहा नवीन नावं दिसली तरी आत काहीच बदललेलं नसू शकतं, आधीपासून होतं ते आता छापलंय एवढंच. उलट जुनी वडी वर्षभर उघडी पडली असेल तर तिचा वरचा वास उडालेला असतो, ती ओली करून दोनदा ब्रश फिरवा आणि मग नाक लावा.

आता खरी परीक्षा. जुन्या वडीचा तुकडा शिल्लक असेल तर नशीबवान आहात. एकच ब्रश, एकच वाटी, आरओचं पाणी. ब्रश झटकून वडीवर तीस सेकंद फिरवा, मग वाटीत चमचा चमचा पाणी घालत फेस करा, दोन्ही साबणांना तितकेच चमचे. फेस तसाच पाच मिनिटं ठेवा आणि तळाला किती पाणी सुटतं ते बघा. मग चिमटीत घेऊन बोटं चोळा, घसरली पाहिजेत, खरं तर फेस दिसतो किती यापेक्षा ब्लेड घसरतं किती याला महत्त्व आहे आणि फोटोत हेच दिसत नाही. शेवटी डावा गाल जुन्याने, उजवा नव्याने, ब्लेड एकदा वापरलेलं घ्या म्हणजे कोऱ्या ब्लेडची धार मध्ये येणार नाही, दुसऱ्या दिवशी गाल बदला. एका दाढीवर निकाल देऊ नका, तीन-चार तरी होऊ द्या. वास बदललेला असेल आणि कातडी नाजूक असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा आणि दोन दिवस थांबा.

निकाल लागला की खरंच बदललाय, तर नवीन साबणाचं पाणी नव्याने शिकायचं. आमचा सलूनवाला माझं सगळं पुराण ऐकून एवढंच म्हणाला, "काका, तुम्ही पाणी जास्त घालताय, हा साबण तेवढं पीत नाही." बरोबर होतं त्याचं. फेस पिठूळ, चकाकी नाही, पापडी धरतो म्हणजे पाणी कमी किंवा साबण कमी उचललाय, बुडबुडे मोठे आणि फेस गळ्यावर ओघळतोय म्हणजे पाणी जास्त. पामवाल्या साबणावर ब्रश पूर्वीपेक्षा वीस-तीस सेकंद जास्त फिरवा आणि पाणी थेंब थेंब द्या, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. तरी वाळत असेल तर वाटीत ग्लिसरीनचे दोन थेंब, दोनच, जास्त घातलं की फेस मरतो. किंवा बोटाच्या पेराएवढी कुठलीही बरी शेव्हिंग क्रीम त्याच फेसात मिसळा, मला हा जुगाड सगळ्यात आवडतो, साबणाचा घट्टपणा आणि क्रीमचा ओलावा. खाली खोबरेल तेल चोपडून वर फेस लावायचा सल्ला कुणी देईल, तेलाने फेस विरून जातो, मी केलंय, नको.

जुना माल मिळतोय म्हणून दहा डब्या भरून ठेवायचा मोह होतो. एक वडी रोजच्या दाढीला चार-सहा महिने सहज जाते, तेव्हा दोन पुरे. वापरून झाल्यावर वडी पूर्ण सुकल्याशिवाय झाकण लावू नका, पावसाळ्यात तर उघडीच राहू द्या. वडीवर नारिंगी डाग पडले आणि जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर तेल बिघडलंय, कितीही दुर्मिळ असली तरी ती कपडे धुवायला द्या.

आणि कंपनीला लिहायचं असेल तर नुसतं "पूर्वीसारखा राहिला नाही" असं लिहू नका, त्याला उत्तर म्हणून आभाराचं पत्र येतं. दोन्ही डब्यांचे बॅच नंबर, दोन्ही यादींचे फोटो, आणि एकच प्रश्न, चरबी किंवा तेल बदललंय का, हो की नाही. मी विचारलं होतं एका ठिकाणी, दीड महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं, हो. तोपर्यंत मला नवीन वडीची सवय झाली होती.