वीज गेली की पाणीही जाते : उंच इमारतीतील घराची तीन दिवसांची तयारी

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे परिसरातील उच्चदाब वाहिन्यांच्या बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. त्या दिवशी घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत सुरुवातीला सगळ्यांना पंखा आणि वायफाय आठवले. दुपारी नळातून हवा येऊ लागली, तेव्हा खरी अडचण कोणती ते कळले. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नाही आणि लिफ्ट बंद असल्यामुळे खालून कळशीभर पाणीसुद्धा वर येत नाही. म्हणून बहुमजली इमारतीत राहणाऱ्याने आपत्कालीन तयारी बॅटरीपासून नव्हे, तर पाण्यापासून सुरू करावी.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दररोज चार लिटर पाणी धरले, तर चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी सुमारे ५० लिटर लागते, आणि तेवढे पाणी नळ असलेल्या स्टीलच्या पिंपात सहज मावते. संडासाचा हिशेब मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. फ्लशच्या एका वापरात पाच-सहा लिटर पाणी जात असल्याने, काटकसरीने बादलीने पाणी ओतले तरी चौघांना दिवसाला साठ-सत्तर लिटर लागतातच. त्यासाठी न्हाणीघरात शंभर लिटरचे झाकणाचे पिंप कायम भरलेले असावे आणि मुसळधार पावसाचा इशारा मिळताच घरातील बादल्या, टब, पातेलीही भरून घ्यावीत. पाणीकपातीच्या आदल्या रात्री आपण हे निमूटपणे करतोच. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळून पिंप रिकामे करावे, आतून घासावे आणि पुन्हा भरावे.

आरओ यंत्र विजेशिवाय चालत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे. अशा वेळी पाणी चौपदरी सुती कापडातून गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे. नळाने येणारा गॅस किंवा भरलेला जादा सिलिंडर घरात असेल तर हे जमते. ज्यांचे स्वयंपाकघर केवळ इंडक्शनवर चालते, त्यांनी एक छोटी गॅसची शेगडी ठेवलीच पाहिजे. पुराच्या वेळी धोका वेगळाच असतो. आवारात पाणी साचले की जमिनीखालच्या टाकीत गटाराचे पाणी मिसळू शकते, आणि वीज येताच पंप सुरू केला की ते थेट वरच्या टाकीत जाते. म्हणून टाकीचे झाकण पाण्याखाली गेले असेल, तर ती उपसून, ब्लीचिंग पावडरने धुऊन होईपर्यंत पंप लावू नये, असे सोसायटीच्या पंप-खोलीत ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.

विजेसाठी फार खर्चाची गरज नाही. दीडशे अँपिअर-अवर क्षमतेची नवी बॅटरी असलेल्या इन्व्हर्टरवर ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, ९ वॅटचे चार दिवे आणि राउटर मिळून दहा तासांच्या आसपास चालतात. जुने ७५ वॅटचे पंखे लावल्यास हाच वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. फ्रिज त्यावर चालवू नये. दार उघडले नाही, तर तो साधारण चार तास थंड राहतो. घरात इन्शुलिन असेल, तर वापरात असलेली कुपी माठाजवळच्या गार जागी ठेवता येते, मात्र ती किती दिवस चालेल हे त्या औषधाच्या वेष्टनावर पाहावे. रोजच्या गोळ्या किमान आठवडाभर पुरतील इतक्या शिल्लक असाव्यात.

मोबाइल बंद पडल्यावर पाठ असलेले क्रमांक किती उरतात, हे एकदा आजमावून पाहावे. मला स्वतःच्या बहिणीचाही क्रमांक आठवेना. नातेवाईक, डॉक्टर आणि शाळा यांचे क्रमांक कागदावर लिहून, ११२, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि सिलिंडरच्या गॅसगळतीचा १९०६ यांच्यासह फ्रिजच्या दारावर लावावेत. सोबत सुट्या नोटांत हजार-दोन हजार रुपये ठेवावेत, कारण नेटवर्क नसले की यूपीआयही नसते.

घरातील सगळे घरीच असतील असे गृहीत धरू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य लोकांना कार्यालयात किंवा वाटेतच रात्र काढावी लागली. मुलांना शाळेतून कोणी आणायचे आणि पोहोचता न आल्यास कोणाकडे थांबायचे, हे जूनपूर्वी ठरवावे. खाडीलगत राहणाऱ्यांनी मुसळधार पावसाच्या दिवशी भरतीची वेळही पाहावी, कारण समुद्राची पातळी वर असताना नाल्यांचे पाणी बाहेर पडत नाही. साचलेल्या पाण्यातून चालावे लागल्यास घरी येताच पाय साबणाने धुवावेत आणि जखम असेल तर लेप्टोच्या (उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) शक्यतेमुळे ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

ही सगळी तयारी एकदा तपासूनही पाहावी. एखाद्या रविवारी सकाळी मुख्य स्विच आणि पाण्याचा व्हॉल्व्ह संध्याकाळपर्यंत बंद ठेवावा. आमच्याकडे अशा पहिल्या रविवारी आढळले, की टॉर्चमधील सेल गळून आतले धातूचे टोक हिरवे पडले होते आणि काडेपेटी चहाच्या डब्यामागे ओलसर झाली होती.