चित्रावर अभिप्राय देताना आणि घेताना
चित्रावर अभिप्राय देण्यापूर्वी चित्रकाराला नेमके कशाबद्दल मत हवे आहे, हे विचारून घ्यावे. कच्च्या रेखाटनात रंगसंगतीचे दोष काढण्यात अर्थ नसतो. ‘काहीतरी खटकते आहे’ असे मोघम म्हणण्याऐवजी, प्रकाश डावीकडून येत असताना नाकाची सावलीही डावीकडेच पडली आहे, असे नेमके बोट ठेवून दाखवावे आणि शक्य असल्यास दुरुस्तीचा मार्गही सुचवावा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या चित्रावर रेघ ओढू नये, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

अभिप्राय घेणाऱ्याने लगेच समर्थनाला लागू नये. चित्र आरशात धरून पाहिल्यास प्रमाणातील चूक बहुधा स्वतःलाच दिसते. शैली म्हणून जाणीवपूर्वक केलेला बदल मात्र, त्यामागचे कारण सांगून, खुशाल तसाच ठेवावा.