हलत्या बोटीवर कॉफी आणि कॉकटेल: यॉटवर कामाला निघालेल्यांसाठी

फ्रान्सच्या आँतीबमध्ये, पोर्ट वोबाँच्या धक्क्यावर मी पहिल्यांदा काम शोधत होते तेव्हा फाइलमध्ये हॉटेल मॅनेजमेंटची पदवी, एसटीसीडब्ल्यूचं (बोटीवर काम करायला लागणाऱ्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा प्रशिक्षणाचं) सर्टिफिकेट आणि मेडिकल, सगळं होतं. चीफ स्ट्यूअर्डेसने, म्हणजे पाहुण्यांची सरबराई बघणाऱ्या प्रमुख बाईंनी, फाइल उघडलीच नाही. पँट्रीतल्या कॉफी मशीनसमोर उभं केलं आणि म्हणाली, दोन कॅपुचिनो कर. माझ्या दुधावर कपडे धुतल्यासारखा फेस आला. ते काम मिळालं नाही. मुंबईला परत येऊन पाच महिने वांद्र्याच्या एका कॅफेत सकाळची पाळी केली आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेले. पुढचं सगळं त्या पाच महिन्यांतलं आणि नंतरच्या सहा सीझनमधलं आहे.

आधी एक छोटा काटा घ्या, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. एका शॉटसाठी, म्हणजे मशीनमधून एका वेळी काढलेल्या एस्प्रेसोसाठी, मशीनच्या बास्केटमध्ये १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. इथून सुरुवात करा. शॉट १८ सेकंदांतच वाहून गेला तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते, मग दळण बारीक करा. चाळीस सेकंद लागले तर कडवट होते, मग जाड करा. दळण बदलताना वजन बदलायचं नाही, नाहीतर चूक कुठे आहे ते कळत नाही. समुद्रावरची दमट हवा दाण्यांना लागते, त्यामुळे कालचं दळण आज चालेलच असं नाही. पाहुणे उठायच्या आधी दोन शॉट काढून चाखायचे आणि ओतून द्यायचे. त्यात कंजुषी नको.

बोट चालू असताना काटा स्थिर राहत नाही, आकडा वरखाली नाचतो. म्हणून मी बंदरात असतानाच रात्री दाणे मोजून छोट्या डब्यांत भरून ठेवते, प्रत्येकात १८ ग्रॅम. सकाळी एक डबा, एक शॉट.

पाण्याची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. यॉटवर समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन असतं. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि क्षारांशिवाय कॉफीची चव पाण्यात उतरत नाही, ती सपक लागते. शिवाय असं पाणी बॉयलरच्या धातूलाही चांगलं नाही. मशीनला क्षार मिसळणारा फिल्टर आहे का हे इंजिनिअरला पहिल्याच दिवशी विचारा. नसेल तर बाटलीतलं, मध्यम क्षारांचं पाणी वापरा.

दुधाला सगळ्यात जास्त सराव लागतो. दूध आणि ते तापवायचा स्टीलचा जग, दोन्ही फ्रिजमधलं थंड हवं. वाफेच्या नळीचं टोक पृष्ठभागाच्या किंचित खाली धरून हवा घ्या, कागद फाटल्यासारखा बारीक आवाज यायला हवा. जग हाताला कोमट लागला की हवा घेणं थांबवा, टोक थोडं खाली न्या आणि दूध गोल फिरू द्या. ६० ते ६५ अंशांवर बंद. थर्मामीटर नसेल तर जगाला हात लावून ठेवणं अशक्य झालं की थांबा. फेस ताज्या ऑइलपेंटसारखा चकाकायला हवा. बोट डुलत असेल तर जग अर्धाच भरा, कंबर ओट्याला टेकवा, पाय फाकवून उभ्या राहा. नळी लगेच पुसायची आणि एकदा वाफ सोडायची. वाळलेलं दूध आत राहिलं की दुसऱ्या दिवशी वास येतो.

पाहुणा कुठला आहे तेही बघा. इटालियन माणूस नुसतं ‘काफे’ म्हणाला तर त्याला एस्प्रेसो हवी असते, आणि जेवणानंतर तो सहसा कॅपुचिनो मागत नाही. ऑस्ट्रेलियन पाहुण्याच्या फ्लॅट व्हाइटवर फेसाचा थर पातळ असतो. ग्रीसच्या बेटांत उन्हाळाभर फ्रेडो चालते, म्हणजे दुहेरी एस्प्रेसो बर्फाबरोबर घुसळून.

आता लिंबू. आपल्याकडे एकच शब्द, आणि त्यावरूनच मराठी मुलं गडबडतात. आपलं कागदी लिंबू हिरव्या जातीतलं, तिकडे ते ‘लाइम’. भूमध्य समुद्रावरचं मोठं पिवळं लिंबू म्हणजे ‘लेमन’. मार्गारिटा, मोहितो, डायकिरी या कॉकटेलना हिरवं. ‘व्हिस्की सावर’ या कॉकटेलला पिवळं. आणखी एक, हे मनापासून सांगते: हिरवं लिंबू उन्हात डेकवर पिळू नका. त्याचा रस त्वचेवर राहिला आणि ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, काळे डाग महिनोन्महिने राहतात. रस पँट्रीत काढा, मनगटापर्यंत हात धुवा आणि मगच बाहेर जा. पाहुण्यांच्या मुलांच्या हातात लिंबाची फोडही देऊ नका.

पन्नास कॉकटेल पाठ करायची गरज नाही. अपेरॉल स्प्रिट्झ: प्रोसेक्को ९०, अपेरॉल ६०, सोडा ३० मिली. मार्गारिटा: टकीला ५०, ट्रिपल सेक (संत्र्याची लिकर) २०, हिरव्या लिंबाचा रस १५. नेग्रोनी: जिन, कंपारी (लाल, कडवट लिकर), गोड वर्मुथ (मसाल्यांची वाइन) प्रत्येकी ३०, आणि ती ढवळायची, शेकरमध्ये हलवायची नाही. रस असेल तर हलवा, नुसती दारू असेल तर ढवळा. उघडलेली वर्मुथ फ्रिजमध्ये. ‘अंदाजाने’ ओतू नका, जिगर, म्हणजे दारू मोजायचं छोटं माप, वापरा. पहिल्या आणि चौथ्या ग्लासची चव सारखी लागायला हवी.

एस्प्रेसो मार्टिनीवर मात्र वेळ घालवा, कारण जेवणानंतर सगळं टेबल एकदम तीच मागतं. १९८० च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल यांनी ती केली. व्होडका ५०, कॉफी लिकर ३०, साखरेचा पाक १०, आणि त्याच क्षणी काढलेली एस्प्रेसो. वरचा फेस ताज्या कॉफीतूनच येतो, शिळ्या शॉटवर तो टिकत नाही. एका रात्री मी दहा शॉट आधीच काढून ठेवले आणि दहाही ग्लास सपाट गेले. आता सगळं आधी मोजून शेकरमध्ये भरून ठेवते, शॉट शेवटी, मग शेकर बर्फाने भरून पंधरा सेकंद जोरात. एका वेळी दोनच ग्लास. पाहुणे दोन मिनिटं थांबतात, तक्रार करत नाहीत.

डेकवर काच नको, विशेषतः जकुझीजवळ. सगळे अनवाणी असतात. पॉलिकार्बोनेटचे ग्लास वापरा. कंपारी किंवा रेड वाइन सागवानावर सांडली तर त्याच मिनिटाला भरपूर पाणी ओता आणि डेकवरच्या माणसाला सांगा. लपवू नका. रात्रभरात डाग मुरतो, मग लाकूड घासावं लागतं.

चव बघायची ती स्ट्रॉचं टोक बुडवून, एक थेंब. एसटीसीडब्ल्यूच्या नियमात सुरक्षेची कामं करणाऱ्या खलाशांसाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, आणि पाहुणे असताना बऱ्याच बोटींवर क्रूने अजिबात प्यायचं नसतं.

न पिणाऱ्यांसाठी मी वेंगुर्ल्याहून कोकमाचं आगळ नेते. २० मिली आगळ, तेवढाच पाक, चिमूटभर मीठ, चुरडलेला पुदिना, वर सोडा. आगळात मीठ आधीच असतं, म्हणून आधी चाखा. गेल्या सीझनला एका आजींनी आठवडाभर रोज चार वाजता तेच मागितलं. त्यांच्या प्रेफरन्स शीटवर, म्हणजे पाहुण्यांच्या आवडीनिवडींच्या कागदावर, मी ते लिहून ठेवलंय, पुढच्या वेळी मी त्या बोटीवर नसले तरी त्यांना मिळावं म्हणून. आगळाची एक बाटलीही पँट्रीत ठेवून आले, खालच्या फळीवर, दोरीने बांधून.