शिक्षकांसाठी वर्गातील तंत्रज्ञानाचे ऑनलाइन प्रशिक्षण कसे आखावे

शिक्षकांना वर्गातील तंत्रज्ञान शिकवायचे ठरले की आराखड्याच्या पहिल्या पानावर बहुधा साधनांची यादी उतरते: पहिल्या आठवड्यात डिजिटल फळा, दुसऱ्यात प्रश्नमंजुषा, तिसऱ्यात व्हिडिओ संपादन. अशा क्रमाने आखलेल्या प्रशिक्षणात शिक्षक बटणे शिकतात. ॲपची नवी आवृत्ती आली की त्यातले निम्मे वाया जाते, आणि आवृत्ती तीच राहिली तरी हे साधन कोणत्या घटकाला, तासिकेच्या कोणत्या टप्प्यावर आणि कशासाठी वापरायचे हा प्रश्न तसाच उरतो. म्हणून आराखड्याची सुरुवात शिक्षक येत्या पंधरवड्यात प्रत्यक्ष घेणार असलेल्या एका पाठापासून करावी आणि साधन त्या पाठाची गरज पाहून निवडावे.

या भूमिकेला शिक्षणशास्त्रात भक्कम आधार आहे. विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे कौशल्य यांच्या पलीकडे ‘हा विशिष्ट घटक मुलांना कसा समजवावा’ याचे एक वेगळे ज्ञान शिक्षकापाशी असते, हा विचार अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये मांडला. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 मध्ये त्याला तंत्रज्ञानाची जोड दिली. त्यांची ही चौकट आज ‘टीपॅक’ (तंत्रज्ञान, अध्यापन आणि आशय यांच्या ज्ञानासाठीच्या इंग्रजी शब्दांचे लघुरूप) या नावाने ओळखली जाते. आराखडा करणाऱ्याने त्यातून घ्यायचे ते एवढेच की आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान या तिन्ही गोष्टी एकाच कृतीत एकत्र याव्यात. याचा व्यवहारातील परिणाम असा की सर्व विषयांच्या शिक्षकांना नोंदणी व लॉगिनपुरते एकत्र ठेवले तरी चालते; सरावाचे गट मात्र विषयवारच करावे लागतात. भाषेच्या शिक्षिकेला निबंधाच्या मसुद्यावर शेरे देण्यासाठी सामायिक दस्तऐवज हवा असतो आणि भूमिती शिकवणाऱ्याला जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवून पाहण्याचे सॉफ्टवेअर. दोघांना एकच स्वाध्याय दिला तर तो दोघांच्याही कामाचा राहत नाही.

गरजांची पाहणी आधी करावी, पण ‘आपणांस तंत्रज्ञान कितपत येते’ असे विचारू नये. या प्रश्नावर कोणी संकोचाने कमी सांगते, कोणी भिडेखातर जास्त. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारावेत: मागील महिन्यात वर्गात कोणते साधन वापरले आणि त्या वेळी मुले काय करत होती? दरवर्षी मुले कोणत्या संकल्पनेवर अडतात? प्रोजेक्टर वर्गात बसवलेला आहे की दर वेळी दुसऱ्या खोलीतून आणावा लागतो? वर्गात नेटवर्क पोहोचते का? युनेस्कोने शिक्षकांसाठी माहिती व संपर्क तंत्रज्ञानाची जी क्षमता-चौकट तयार केली आहे, तिच्या 2018 च्या आवृत्तीत 18 क्षमता ज्ञानसंपादन, ज्ञानाचे सखोलीकरण आणि ज्ञाननिर्मिती अशा तीन पातळ्यांवर विभागल्या आहेत. या उत्तरांवरून बहुसंख्य शिक्षक कोणत्या पातळीवर आहेत ते ठरवावे आणि एका प्रशिक्षणात एकच पातळी ओलांडण्याचे उद्दिष्ट ठेवावे.

आता एक घटक प्रत्यक्ष कसा बांधायचा ते पाहू. विज्ञानाच्या गटासाठी ‘विद्युत परिपथ’ हा पाठ आणि कोलोरॅडो विद्यापीठात 2002 मध्ये सुरू झालेल्या फेट प्रकल्पाचे परिपथ जोडणीचे विनामूल्य सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचा आभासी प्रयोग, घेतले आहे, असे समजू. एका दिव्याच्या परिपथात दुसरा तसाच दिवा एकसर जोडला तर काय होईल, याचे भाकीत शिक्षकाने आधी लिहावे. ते लिहिल्याखेरीज सिम्युलेशनचे पान उघडू नये, अशी अट मूडलसारख्या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीत सहज घालता येते. पहिला दिवा विद्युतधारा ‘खाऊन टाकतो’, म्हणून दुसरा अधिक मंद पेटेल, असे अनेक मुलांना वाटते. सिम्युलेशनमध्ये दोन्ही दिवे सारखेच मंद होतात. भाकीत आधी लिहिले असेल तरच हे पाहणाऱ्याला धक्का बसतो, नाही तर ते पडद्यावरचे एक चित्र म्हणून निघून जाते. शिक्षकाने हा फरक स्वतः अनुभवल्याशिवाय तो मुलांना त्यातून नेणार नाही.

यानंतरचा स्वाध्याय पडद्याबाहेरचा आहे. तासिकेच्या कोणत्या क्षणी सिम्युलेशन थांबवायचे, माउस कोणाच्या हाती द्यायचा, बाकीच्या मुलांनी त्या वेळी वहीत काय करायचे, हे पाठटाचणात लिहायला सांगावे. समांतर जोडणीत सिम्युलेशनमधील दिवे एकट्या दिव्याइतकेच प्रखर राहतात, कारण त्यातील बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आतच विद्युतधारेला होणारा अडथळा, सुरुवातीला शून्य धरलेला असतो. खऱ्या जुन्या सेलवर मात्र ते किंचित मंद झालेले दिसू शकतात. एखादा चौकस विद्यार्थी हे विचारणारच, तेव्हा त्याला काय सांगायचे यावर गटात चर्चा ठेवावी. मग शिक्षकाने पुढील आठवड्यात तो पाठ घ्यावा आणि परत येताना तीन गोष्टी आणाव्यात: मुलांची चार-पाच भाकिते (चुकलेली धरून), पाठ टाचणापासून जिथे वळला ती जागा, आणि पुढच्या वेळी करायचा एक बदल. या अर्ध्या पानाच्या नोंदीवर सुलभकाने, म्हणजे गटाला मार्गदर्शन करणाऱ्याने, दिलेला नेमका अभिप्राय हाच माझ्या मते ऑनलाइन प्रशिक्षणाचा गाभा आहे, आणि खर्च वाचवताना नेमका तोच आधी कापला जातो. एका सुलभकाकडे वीस-पंचवीसांहून अधिक शिक्षक दिले तर अभिप्रायाच्या जागी ‘छान’ आणि ‘उत्तम प्रयत्न’ एवढेच उरते.

व्हिडिओ आखूड ठेवावेत. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील सुमारे 69 लाख व्हिडिओ-पाहण्यांच्या 2014 मधील विश्लेषणात सहा मिनिटांहून लहान व्हिडिओ सर्वाधिक लक्षपूर्वक पाहिले जातात असे दिसले होते. ते विद्यार्थी होते, शिक्षक नव्हेत; पण दिवसभर वर्ग घेऊन रात्री मोबाइलवर व्हिडिओ लावणाऱ्याचा धीर त्यांच्याहून अधिक असेल असे मानण्याचे कारण नाही. संगणकाचा पूर्ण पडदा चित्रित केला तर मोबाइलवर अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून हवा तो भाग मोठा करून दाखवावा. उपशीर्षके द्यावीत, कारण अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांना दुसरा मार्गच नसतो.

थेट सत्रे थोडी असावीत. शेकडो शिक्षकांचे माइक बंद करून दोन तास चालवलेले सत्र हे भाषण असते. ते ध्वनिमुद्रित करून पाठवले तरी काही बिघडत नाही. सगळ्यांनी एकत्र यायचे ते लहान गटात, एकमेकांचे टाचण तपासण्यासाठी किंवा दहा मिनिटांचा सराव पाठ घेण्यासाठी. आठवड्याला एकूण दोन तासांपेक्षा जास्त वेळ मागू नये, आणि परीक्षांचे व निकालाचे आठवडे वेळापत्रकातून आधीच वगळावेत.

वीज गेली, नेटवर्क तुटले किंवा पासवर्ड आठवला नाही, तर पाठ कसा पुढे न्यायचा हेही प्रशिक्षणातच शिकवावे. प्रत्येक टाचणाला फळ्यावरचा पर्याय जोडणे बंधनकारक करावे. सिम्युलेशन आधीच उतरवून ठेवता येत असेल तर ते कसे, हे दाखवावे. वर्गात चाळीस मुलांसमोर एकदा फजिती झाली की शिक्षक त्या साधनाकडे पुन्हा वळत नाहीत. मुलांची छायाचित्रे आणि नावे कोणत्याही ॲपवर टाकण्यापूर्वी कोणाची परवानगी लागते, हेही पहिल्याच आठवड्यात स्पष्ट करावे.

प्रमाणपत्र प्रश्नमंजुषेच्या गुणांवर देऊ नये. शेवटच्या पानापर्यंत पोहोचलेला शिक्षक आणि वर्गात बदल केलेला शिक्षक यांत फरक असतो. म्हणून घेतलेल्या दोन पाठांच्या नोंदी ही प्रमाणपत्राची अट असावी. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी शिक्षक-प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या पाच पातळ्या सांगितल्या आहेत: सहभागींची प्रतिक्रिया, त्यांचे शिकणे, संस्थेचा पाठिंबा, वर्गातील वापर आणि विद्यार्थ्यांवरील परिणाम. बहुतेक प्रशिक्षणे पहिल्या पातळीवरच, म्हणजे ‘प्रशिक्षण आवडले का’ या फॉर्मपाशी, थांबतात. तिसरी पातळी तर कोणी विचारतच नाही. प्रत्यक्षात प्रोजेक्टरच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि मुख्याध्यापक जोडतासिका देतात का, यावर बरेच काही अडते. त्यामुळे मुख्याध्यापकांसाठी एक अर्ध्या तासाचे वेगळे सत्र ठेवावे आणि त्यात त्यांच्याकडून या दोन गोष्टींची हमी घ्यावी.

तुकडी संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक शिक्षकाला एकच प्रश्न पाठवावा: गेल्या महिन्यात ते साधन कोणत्या पाठाला वापरले? उत्तर न देणाऱ्यांना फोन करून कारण विचारावे आणि पुढच्या तुकडीचा आराखडा त्या कारणांवरून दुरुस्त करावा.