पहिलं लिनक्स: डिस्ट्रो मिंट घ्या, पण आधी बायॉस बघा

कोणतं डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) घेऊ, यात आठवडे घालवू नका. लिनक्स मिंट घ्या. रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर त्याची सिनॅमन आवृत्ती, कमी असेल तर हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मिंट २२ हे उबंटू २४.०४ एलटीएस या दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या डिस्ट्रोवर बांधलेलं आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. 'काली टाक, भारी दिसतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. काली हे सुरक्षा तपासणाऱ्यांसाठीचं डिस्ट्रो आहे; लिनक्सची ओळख नसेल तर ते घेऊ नका, असं ते बनवणारेच सांगतात. तुमच्या लॅपटॉपचं मॉडेल न विचारता सल्ला देणारा गुरू कामाचा नाही.

नवखे अडकतात ते पुढे. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट सुरू होतं, वायफायही लागतं, पण इन्स्टॉलरमध्ये लॅपटॉपची एसएसडीच दिसत नाही. डिस्क बिघडलेली नसते, घाबरू नका. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) आरएसटी किंवा व्हीएमडी ही इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय चालू असते आणि एसएसडी तिच्याआड लपते. ती बंद करून एएचसीआय ही डिस्क जोडायची साधी पद्धत निवडायची, पण थेट नाही. थेट बदललंत तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं, कारण एएचसीआयचा ड्रायव्हर बूट होताना चढवायचं त्याला ठाऊकच नसतं.

म्हणून आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवा आणि बिटलॉकर सस्पेंड म्हणजे तात्पुरतं थांबवा. मग विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंग्जच्या साधनात बूट टॅबवर 'सेफ बूट'ला टिक करून रीस्टार्ट करा आणि त्याच वेळी बायॉसमध्ये शिरून एएचसीआय निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल. तिथे पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड पाठ हवा. आत गेल्यावर टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. आता मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये एसएसडी दिसेल.

विंडोज ठेवायचं असेल तर 'इरेज डिस्क'ला हात लावू नका. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून ५० जीबी मोकळे करा, फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येणार नाही. डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हवाच, यात सूट नाही.

बाकी सोपं आहे, खरंच. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधूनच घ्या, आणि त्याआधी टाइमशिफ्ट या साधनाने सिस्टिमचा एक स्नॅपशॉट (बिघडल्यास मागे जाता येईल अशी प्रत) काढून ठेवा.