राजधानीची गर्दी फोडणारं उपकेंद्र कसं आखायचं? शेंडा पार्कच्या निमित्तानं

गावाबाहेर नवीन कॉलनी काढली म्हणजे उपकेंद्र झालं असं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. कॉलनी काढली की माणसं तिथं फक्त झोपायला जातात आणि सकाळी परत जुन्या शहरातच येतात, म्हणजे गर्दी होती तेवढीच राहिली आणि वर प्रवास वाढला. ज्या कामासाठी माणसाला राजधानीच्या मध्यात यावंच लागतं ते काम उचलून दुसरीकडं न्यायचं, याला उपकेंद्र म्हणायचं. घरं, मॉल, बागा हे सगळं त्याच्या मागनं येतं.

आपण कोल्हापूरकरांनी मुंबईच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं भोगलंय. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, आंघोळ कुठं करायची इथनं सुरुवात, मग मंत्रालय नाहीतर हायकोर्ट, पुढची तारीख पडली की रात्रीच्या गाडीनं परत. दक्षिण मुंबईतली सगळी गर्दी काय मुंबईकरांची नसते, त्यात आपलेही लोक असतात. म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम इकडं आलं, तेव्हा आपली सोय झाली तशी राजधानीवरची गर्दीपण थोडी हलकी झाली. आता बेंच सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर भाऊसिंगजी रोडला आहे आणि कायमची जागा कोल्हापुरातल्याच शेंडा पार्क भागात द्यायचं ठरलंय, म्हणजे तोच प्रश्न लहान आकारात आपल्या दारात आलाय. म्हणून मुंबईचं आणि कोल्हापूरचं दोन्ही एकत्रच सांगतो.

आधी गर्दी मोजा

सकाळी दहा ते साडेअकरा भाऊसिंगजी रोडला कागद-पेन घेऊन उभे रहा. येणाऱ्या माणसाला तीनच प्रश्न विचारायचे: कुठनं आलात, काय काम आहे, कशानं आलात. तासाभरात कळतं की एकाच रस्त्यावर चार वेगवेगळ्या गर्द्या आहेत. कोर्टाचा पक्षकार, सीपीआरला पेशंट घेऊन आलेले राधानगरी-गगनबावड्याचे लोक, अंबाबाईच्या दर्शनाला आलेले भाविक, आणि ज्यांचं इथं काहीच काम नाही पण पलीकडं जायला दुसरा रस्ता नाही म्हणून घुसलेली वाहनं. यातले भाविक तुम्ही हलवू शकत नाही, हलवायचा विचारही करू नका. नुसत्या पलीकडं जाणाऱ्या वाहनांना उपकेंद्र नको, वळणरस्ता पाहिजे. पक्षकार मात्र कोर्टाच्या मागनं जाणार, तेव्हा उपकेंद्राचा हिशोब त्याच्यावर मांडायचा.

ही विभागणी न करता आराखडा करायला घेतला की कन्सल्टंट लोकसंख्या वाढीचा आलेख काढून देतो आणि त्या आलेखावरनं काय हलवायचं हे काही कळत नाही. मोजणी आठवड्याच्या साध्या दिवशी करा, नवरात्रात किंवा सुट्टीत करू नका, आणि निदान दोन वेगळ्या ऋतूंत करा कारण ऊस तोडणीच्या दिवसांत रस्त्याचं रूपच वेगळं असतं.

काय हलवायचं

इथं नवी मुंबईचा इतिहास नीट बघा, कारण सगळे धडे तिथं आहेत. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960 च्या दशकात खाडीपलीकडं नवं शहर मांडलं, 1970 मध्ये ते वसवायला सिडको ही सरकारी कंपनी झाली, साधारण 344 चौरस किलोमीटर आणि 95 गावांची जमीन. मूळ विचार असा होता की सरकारी कचेऱ्या पलीकडं गेल्या की बाकीचा व्यापार आपोआप मागनं जाईल. प्रत्यक्षात मंत्रालय आहे तिथंच राहिलं आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून ऑफिसांचे टॉवर उभे राहिले. म्हणजे एका हातानं गर्दी पलीकडं बोलवायची आणि दुसऱ्या हातानं अलीकडं जागा करून द्यायची, असं झाल्यावर कोण जाणार? बेलापूरला सरकारी कचेऱ्यांचं कोकण भवन झालं ते चांगलंच झालं, पण निर्णय जिथं होतात ती कचेरी हलली नाही.

जे खरंच हललं ते म्हणजे घाऊक बाजार. कांदा-बटाटा, धान्य, फळं-भाजी हे मुंबईतल्या जुन्या पेठांतनं वाशीला आले, आणि त्यांच्यासोबत ट्रक आले, हमाल आले, गाळेवाले, खानावळी, बँका सगळं आलं. आपला माल घेऊन जाणाऱ्या गाडीवाल्याला विचारा, तो मुंबईला म्हणून निघतो पण जातो वाशीला.

बीजिंगनं तर स्वतःच्या महापालिका सरकारचं मुख्यालयच जानेवारी 2019 मध्ये पूर्वेकडच्या तोंगचौला नेलं, 155 चौरस किलोमीटरचं उपकेंद्र आखलं आणि पहिला मान स्वतःच्या कचेरीला दिला. साहेब लोक तिथं बसायला लागले की बाकीच्यांना जावंच लागतं. माझं स्पष्ट मत आहे, ज्या आराखड्यात सगळ्यात पहिल्यांदा कोण हलणार त्याचं नाव आणि साल लिहिलेलं नाही तो आराखडा मंजूरच करू नये.

आपल्याकडं हे शाहू महाराजांच्या काळात करून दाखवलंय. 1891 ला मिरज-कोल्हापूर रेल्वे आली आणि 1895 ला स्टेशनला लागून शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली, गुळाचा व्यापार तिथं वाढला. पुढं 1917 च्या सुमारास जयसिंगपूर वसलं, तेही रेल्वेच्या कडेलाच, चौक आणि सरळ रस्ते आधी आखून. रेल्वे आधी, मग पेठ आणि मग वस्ती, हा क्रम लक्षात ठेवा.

जागा

फार जवळची जागा घेतली तर जुनंच शहर फुगतं आणि फार लांबची घेतली तर कुणी जात नाही. टोकियोनं शिंजुकू निवडलं ते बघण्यासारखं आहे. तिथं रेल्वेच्या बऱ्याच लाइनी आधीच येऊन मिळत होत्या आणि स्टेशनच्या पश्चिमेला योदोबाशीचं मोठं जलशुद्धीकरण केंद्र होतं, म्हणजे मोठा सार्वजनिक तुकडा. ते केंद्र 1965 ला बंद करून ती जागा उपकेंद्राला दिली, 1971 पासून उंच इमारती सुरू झाल्या आणि 1991 ला टोकियो महानगर सरकारची कचेरी तिथं आली. मोठी रेल्वे आणि एकसंध सार्वजनिक जमीन हाताशी असून इतका काळ लागला, तेव्हा आपल्याकडं कुणी पाच वर्षांत करून दाखवतो म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

कोल्हापुरात जागा बघताना पहिला नकाशा पूररेषेचा उघडा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, आणि 2019 ला आणि 2021 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली हे आपण सगळ्यांनी बघितलंय. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला की पुण्याकडची वाट बंद. म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: जागेवर पाणी येतं का, आणि जागेकडं जाणारा रस्ता पाण्यात जातो का. दुसरा प्रश्न लोक विसरतात. शेंडा पार्कची जमीन सरकारी आहे, नदीपासनं लांब आहे, मेडिकल कॉलेज तिथं आहेच, म्हणजे सुरुवात चांगली आहे.

जमीन घेताना माणसं तोडू नका

सरकारी जमीन संपली की आजूबाजूच्या गावांची लागते आणि खरी कसोटी तिथं असते. नवी मुंबईत जमीन घेताना योग्य मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, जानेवारी 1984 ला जासईला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. हे आधीच करता आलं असतं तर ती माणसं वाचली असती, म्हणून आराखड्याच्या पहिल्या पानावर जमीनवाल्याला काय मिळणार ते लिहा.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 मध्ये नगररचना योजनेची सोय आहे, लोक तिला टीपी स्कीम म्हणतात. त्यात सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करतात, रस्ते-बागा-शाळांना काही हिस्सा काढतात आणि राहिलेली जमीन नीट चौकोनी प्लॉट करून मूळ मालकालाच परत देतात. समजा तुमचं एक एकर आहे, म्हणजे 40 गुंठे. त्यातलं 40 टक्के गेलं तर 24 गुंठे परत मिळतात, पण आता ते रस्त्याला लागून, ड्रेनेज-पाण्यासकट. अट एवढीच की अंतिम प्लॉट शक्यतो मूळ जमिनीच्या जवळच मिळाला पाहिजे आणि तो कुठं मिळणार हे ग्रामसभेत नकाशा पसरून आधी दाखवलं पाहिजे.

कोल्हापूरची हद्दवाढ इतकी वर्षं का अडली? गावकऱ्यांना घरफाळा वाढणार आणि जमिनीवर आरक्षण पडणार एवढंच दिसलं, बदल्यात काय मिळणार ते कुणी नीट सांगितलं नाही. 2017 ला शहराभोवतीच्या 42 गावांचं विकास प्राधिकरण झालं तेव्हाही गावागावांत हीच धास्ती होती. माझ्या मते गावकऱ्यांचं चुकत नाही, समोर ठोस काही नसलं की कुणीही नाहीच म्हणणार.

बस पहिल्या दिवशी

वाशीचा खाडीपूल 1973 ला झाला, पण लोकल वाशीत पोचायला 1992 उजाडलं. मधली जवळजवळ वीस वर्षं तिथं राहणाऱ्या माणसानं कशी काढली असतील विचार करा. बीकेसीचंही, म्हणजे बांद्रा-कुर्ला संकुलाचंही तसंच, ऑफिसं कधीच आली, मेट्रो 2024 ला आली, तोपर्यंत बांद्रा-कुर्ला स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग.

आपल्याला मेट्रो नको, पण बस ज्या दिवशी कोर्ट उघडेल त्याच दिवशी पाहिजे. केएमटीची, म्हणजे महापालिकेच्या बसची, स्टेशन ते शेंडा पार्क फेरी दर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि तालुक्यावरनं येणारी एसटी मध्यवर्ती स्टँडला न नेता काही फेऱ्या थेट तिकडं. राधानगरी-गारगोटीकडच्या गाड्यांना संभाजीनगर स्टँड सोयीचा आहे, तिथनं छोटी जोडबस चालू शकते. गगनबावड्याची माणसं रंकाळा स्टँडला उतरतात, त्यांना परत महाद्वारच्या बाजूनं शहर ओलांडायला लावलं तर सगळा खटाटोप फुकट.

पक्षकार दिवसभर काय करतो ते जवळनं बघा, त्यावरनं निम्मा आराखडा ठरतो. सावंतवाडीहून पहाटे निघालेली बाई अकराला पोचते, तिला आधी स्वच्छतागृह पाहिजे, मग झेरॉक्स, मग स्टॅम्प पेपर, टायपिंगवाला, नोटरी, वकिलाची खुर्ची-टेबल, चहा, बसायला सावली. मॅटर दुपारी निघालं तर स्वस्तात जेवण, उद्यावर गेलं तर परवडणारं लॉज. हे सगळं शंभर-दीडशे चौरस फुटांच्या गाळ्यांत बसतं. पण मोठ्या प्लॉटचे लिलाव केले की हे लोक बाहेर फेकले जातात, मग फूटपाथवर टपऱ्या लागतात आणि नंतर अतिक्रमण म्हणून उचलल्या जातात. म्हणून आता भाऊसिंगजी रोडला पोट भरणाऱ्या स्टॅम्प व्हेंडर, टायपिस्ट, चहावाल्यांची यादी आधी करा आणि गाळे त्यांच्या नावानं राखून ठेवा. सोबत भाड्यानं मिळतील अशी लहान घरंपण पाहिजेत, शिपाई, क्लार्क, नर्स, ज्युनिअर वकील यांच्या पगारात बसणारी, नाहीतर संध्याकाळी सहाला सगळा भाग ओस पडतो.

रिकामी झालेली जुनी जागा

यावर कोण बोलतच नाही आणि सगळं इथंच फसतं. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यावर 1991 च्या नियमात जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला, तिसरा म्हाडाच्या घरांना आणि राहिलेला मालकाला असं होतं. 2001 ला नियम बदलून फक्त रिकाम्या असलेल्या जमिनीचीच वाटणी धरली, सार्वजनिक हिस्सा आटला आणि लोअर परळला ऑफिसांची दाटी झाली. रस्ते आणि स्टेशनं तीच जुनी. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. नियमातली एक ओळ बदलली की कुठवर जातं बघा.

आपलं जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला गेलं आणि भाऊसिंगजी रोडची जुनी इमारत मोकळी झाली, पुढं तिथंच बेंच बसलं. तातडीची सोय म्हणून ते बरोबरच होतं. पण बेंच शेंडा पार्कला जाईल तेव्हा त्या इमारतीत काय येणार हे आजच कागदावर यायला पाहिजे. मला विचाराल तर वाचनालय, संग्रहालय, नाहीतर सीपीआरच्या नातेवाईकांसाठी बसायची-झोपायची सोय. परत हजार माणसं रोज ओढणारी कचेरी नको.

हरकत कशी लिहायची

प्रारूप विकास योजना, म्हणजे शहराचा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. लोक शेवटच्या दिवशी सामूहिक निवेदन देतात, शंभर सह्या आणि वीस मागण्या, त्यातलं सुनावणीला काही टिकत नाही. एका अर्जात एकच मागणी लिहा. नकाशाचा शीट नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक, सध्या तिथं काय आहे त्याचा फोटो, आणि बदल नेमका काय पाहिजे ते दोन ओळींत. पोच घ्या, त्यावर आवक नंबर आणि शिक्का आहे का बघा. सुनावणीला नकाशाची मोठी प्रिंट आणि तुमच्या मोजणीचे कागद घेऊन जा.

उपकेंद्राच्या बाबतीत निदान चार अर्ज जाऊ देत: पहिली कचेरी कोणती आणि कोणत्या साली हलणार, बस कधीपासून, जुन्या इमारतीचा वापर काय, आणि छोट्या गाळ्यांचं आरक्षण किती. कोर्ट हलल्यावर सहा महिन्यांनी परत भाऊसिंगजी रोडला त्याच वेळेला उभे राहून तेच तीन प्रश्न विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून महापालिकेला आणि प्राधिकरणाला पाठवा.