पांढरा नंबर गुलाबी पडू नये म्हणून

लाल किंवा मरून पॉलिएस्टर जर्सीवर हीट प्रेसने (गरम पाट्याने दाबणाऱ्या मशीनने) पांढरा नंबर चिकटवला, मशीनवरून काढताना झकास दिसला आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर गुलाबी! व्हाइनिलला, म्हणजे नंबर कापून उष्णतेने चिकटवायच्या प्लास्टिकच्या पातळ शीटला, दोष देण्याआधी तापमान बघा. पॉलिएस्टरमधला रंग जास्त उष्णतेत वायुरूप होऊन वर सरकतो आणि पांढऱ्या थरात शिरतो. सब्लिमेशन छपाई याच गुणावर चालते. तिथे १९०-२०० अंश सेल्सिअस लागतात. नंबर चिकटवताना मात्र हाच गुण नडतो.

म्हणून कॉटनची १५०-१६० अंशांची सवय इथे सोडाच. कमी तापमानाचं व्हाइनिल घ्या. त्याला साधारण १३० अंश आणि १०-१५ सेकंद पुरतात, पण रोलवर छापलेला आकडा अखेरचा माना. गडद कापडासाठी रंग अडवणारा थर असलेलं व्हाइनिल मिळतं. ते महाग पडतं, तरी टीमच्या जर्सी असतील तर मी तेच वापरायला सांगेन.

दुसरा त्रास म्हणजे प्रेसचा चकाकणारा चौकोनी डाग. तो धुऊनही सहसा जात नाही. शर्टाच्या आत डिझाइनच्या मापाची हीट प्रेसची उशी घाला, म्हणजे शिवण आणि कॉलर दाबाखाली येणार नाहीत. वरून टेफ्लॉन शीट ठेवा आणि दाब मध्यमच ठेवा.

नवं कापड आलं की आतल्या शिवणीजवळ छोटा तुकडा चिकटवून एक दिवस थांबा. रंग कधीकधी उशिरा चढतो, त्यामुळे लगेच पाहून खात्री होत नाही.